डॉक्टरमामानं तोंड का उघडलं नाही

लेस्टर, ४ मार्च २००८

नाही केली सही. एवढ्यात करणारही नाही. तीन पानं, खाली टिंबांची रेघ, आणि रेघेशेजारी पिवळी चिकटपट्टी, म्हणजे म्हातारीला कळावं अंगठा कुठं उठवायचा. अगं पूर्वी, मी सातवी पास आहे. वर्गात दुसरी आले होते. पहिला आला तो मास्तरांचा भाचा होता, त्यामुळं खरं तर मीच पहिली.

तुझ्या बाबांना स्मशानात पोचवून तू गेलीस, त्यानंतर तुझं हे पहिलं पाकीट. अक्षर ओळखलं, म्हणून आधी चहा टाकला, चष्मा पुसला, निवांत बसून उघडलं. आत वकीलबाईचा कागद. तुझी चिठ्ठी चार ओळींची, इंग्लिशमध्ये. चार ओळींत कुठं 'आई' नाही, 'मम' नाही. गॅस कंपनी तरी 'डिअर मिसेस' लिहिते.

कागद पलीकडच्या नीनानं वाचून दाखवला. काशीनाथ यांना विसरायचा आजार होता. त्यांचे डॉक्टर अवधूत यांना तो सप्टेंबर २००६ पासून ठाऊक होता. घरात लायसन्सची बंदूक आहे हेही ठाऊक होतं. त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, आणि म्हणून १७ फेब्रुवारी २००७ ला माझे जावई डॉ. परीक्षित यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. इति लीलावती, काशीनाथ यांची विधवा.

एका दमात सगळं बसवलंय. बाई हुशार आहे. एवढ्या मोठ्या वाक्यात मी कुठंच नाही, शेवटी विधवा म्हणून तेवढी आहे.

आणि हे पंधरा जुलैला डॉक्टरांच्या कमिटीपुढं वाचणार, मग अवधूतचं डॉक्टरपण काढून घेणार. बासष्ट वर्षांचा आहे तो. तू पोटात होतीस तेव्हा माझे पाय सुजायचे, तर ड्युटी करून थकलेला तो पोरगा माझ्या पायाखाली उशा लावायचा. तुझा मामाच तो. रक्ताचा नाही, मानलेला, पण तुला सायकल कुणी शिकवली ते आठव.

मराठीत लिहितेय, मोठ्या अक्षरात. वाचायला तासभर लागेल. लागू दे.

आई


लेस्टर, १९ मार्च २००८

आलं गं तुमच्या मोहिमेचं पत्रक. छान छापलंय. कागद गुळगुळीत, तुझा फोटोही बरा आलाय, फक्त केस बांधले असतेस तर. मागं पेनानं एक ओळ लिहिलीस: 'हे वाच, मग तुला कळेल.'

वाचलं. म्हणजे तुमचं म्हणणं असं की ज्याच्या घरात बंदूक, त्याच्या डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर लाल खूण हवी. माणूस उदास झाला, विसरायला लागला, दारू वाढली, की डॉक्टरनं पोलिसांना सांगायचंच. विचारायचं नाही, सांगायचं. नाही सांगितलं तर डॉक्टर गुन्हेगार.

बरं. आता मी विचारते. दोन-तीन वर्षांमागं साउथहॅम्प्टनच्या स्टेशनबाहेर 'नो आयडी कार्ड्स'चा बिल्ला लावून कोण उभं होतं? मला फोनवर कोण सांगत होतं, 'मम, सरकारला माझा नाव माहीत आहे, पुरे झाला, माझा बोटांचा ठसा माझा आहे'? तेव्हा मी म्हटलं होतं, ठशाला घाबरतो तो चोर. तर तू तासभर माझं डोकं खाल्लंस. एकाचा कागद दुसऱ्या ऑफिसात गेला की तो परत येत नाही, म्हणालीस. मला पटलंसुद्धा. आता ज्याचा कागद दुसऱ्या ऑफिसात पाठवायचा तो दुसरा आहे, म्हणून पटत नाही होय?

रागावू नकोस. रागाव. तुझ्या नवऱ्याचा हात गेलाय, तुला हक्क आहे.

पण एक सांगते. पोलिसांना बंदुकीचं काय ठाऊक नव्हतं? नंबर ठाऊक होता, कुठल्या दुकानातून घेतली ते ठाऊक होतं, जिन्याखालचं लोखंडी कपाट भिंतीला किती बोल्टांनी ठोकलंय तेही त्यांनी हात लावून बघितलं होतं. बंदूक एक दिवस हरवली असती तर दारात दोन गाड्या आल्या असत्या. तुझे बाबा मात्र रोज थोडेथोडे हरवत होते, त्याची नोंद करायला कुणी आलं नाही.

आणि ती बंदूक का होती, ते तू पत्रकात घातलं नाहीस. 'रिटायर्ड फॅक्टरी वर्कर' एवढंच. तुझे आजोबा आमच्या गावच्या पाटलाच्या शिकारीत पाखरं गोळा करायचे. पाटील गोळी घालायचा, आजोबा काट्यातून पळत जायचे. एकदा चुकून बंदुकीला हात लागला तर पाटलानं भर चावडीत मुस्काटात दिली. तुझे बाबा तेव्हा नऊ वर्षांचे, शेजारी उभे. त्याच पोराच्या नावावर राणीच्या पोलिसांनी बंदूक लिहून दिली, फोटोसकट. फॅक्टरीतला जॉर्ज, रिटायर होऊन भावाच्या शेतावर राहायला गेलेला, दर शनिवारी यांना कबुतरं मारायला न्यायचा. पंधरा वर्षांत यांनी कबुतरं मारली असतील दीडशे, आणि ते लायसन्स लोकांना दाखवलं असेल दीड हजार वेळा. गॅस मीटर वाचायला आलेल्याला पण दाखवलं.

ते त्यांच्या हातातून कोण काढून घेणार होतं? तू घेतलं असतंस?

त्या दिवशी मी घरात असते तर झालं नसतं, एवढं मला कबूल आहे. पोलिसांना सांगितलं तेच तुला सांगते, मी बेलग्रेव्ह रोडला मेथी आणायला गेले होते.

आई


लेस्टर, ६ मे २००८

तू विचारलंस, मामाला भेटते का मी. वकीलबाईनं भेटू नका असं सांगितलंय म्हणे. मग तर जायलाच पाहिजे होतं. गेले मी परवा, बसनं, डब्यात पुरणपोळ्या घेऊन.

त्यानं आपणहून दवाखाना बंद ठेवलाय. घरात एकटा, बनियनवर. मी म्हटलं, "डॉक्टर, कमिटीपुढं असाच जा, दया येईल त्यांना." हसला नाही. पोळी खाल्ली दीड, एरवी चार खातो.

मी म्हटलं, "तू तिथं काय सांगणार?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तोंडाला कुलूप लावून बसणार?"

"काशीनाथरावांनी मला जे सांगितलं ते पेशंट म्हणून सांगितलं, ताई. माणूस गेला म्हणून ते माझं होत नाही. त्यांचंच राहतं."

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. त्याच्याकडं एक शेतकरी येतो, नाव सांगितलं नाही, सांगणारही नाही. बायको गेली त्याची. एक दिवस येऊन म्हणाला, डॉक्टर, रात्री मी बंदूक मांडीवर घेऊन बसतो. अवधूत म्हणाला, पोलिसांत जाण्याआधी तू स्वतः ती शेजाऱ्याच्या कपाटात ठेव, मी आत्ता तुझ्याबरोबर येतो. दोघं गेले, ठेवली. तो माणूस आज टोमॅटो पिकवतो. "ताई," म्हणाला, "पूर्वी मागतेय ती लाल खूण असती ना, तर तो माझ्याकडं आलाच नसता. गुडघा दुखतो म्हणाला असता आणि घरी गेला असता."

मी म्हटलं, "आणि आपल्या पूर्वीचा नवरा? तो टोमॅटो कसे पिकवणार?"

 त्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "ती बरोबर आहे, ताई. कायदा मला सांगायला परवानगी देत होता. सांगायला पाहिजे होतं."

मी विचारलं, "मग का नाही सांगितलंस असं विचारलं तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "चहा थंड होतोय तुमचा."

आता तू म्हणशील, बघ, कबूल केलं त्यानं. लिही तुझ्या कागदात. मीच तुला दारूगोळा पुरवतेय.

विसरण्याची ती सप्टेंबरातली परीक्षा पण दवाखान्यात झालीच नव्हती. आपल्या डायनिंग टेबलावर झाली, पोहे खाताना, म्हणून नोंदीत एकच ओळ आहे. तुझी वकीलबाई त्यावर फार खूश आहे असं ऐकलं. आपल्यात डॉक्टर घरचा असला की अपॉइंटमेंट कोण घेतो? त्यानं विचारलं, आज वार कुठला, साल कुठलं. मग म्हणाला, राणीचं नाव काय? हे म्हणाले, "का? ती आली होती? चहा दिलास का गं?" मी एवढी हसले की पोहे नाकात गेले. अवधूत हसत नव्हता. ते मला दिसलं होतं, पूर्वी. दिसलं नाही असं नाही.

त्याच्याही आधी, वसंतात, लायसन्स रिन्यू करायला तो पोलीसवाला आला होता. गोरा, लाजाळू, शिरा दोनदा घेतला. बाबांना म्हणाला, कपाट उघडून दाखवा. यांना किल्ली कुठं ठेवली आठवेना. सगळे खिसे चाचपले. मी मागून हळूच म्हटलं, "देवाच्या फोटोमागं." त्याला मराठी कुठं कळतंय. नियम असा की किल्ली कुठंय हे बायकोलासुद्धा ठाऊक नको. मला तर रोज ठाऊक होतं, कारण मीच ठेवत होते. जाताना त्यानं मला विचारलं, तुम्हाला काही काळजी वाटते का मिसेस? मी म्हटलं, एकच, तुम्ही तिसऱ्यांदा शिरा घेत नाही.

तो हसत गेला. पाच वर्षांचं लायसन्स देऊन.

आई


लेस्टर, २३ जून २००८

परीक्षितनं फोन केला होता. तुला ठाऊक नाही म्हणाला, तर आता ठाऊक झालं. त्याच्यावर ओरडू नकोस. माझ्याशी बोलायला तुझी परवानगी लागत असेल तर त्याचा पण फॉर्म पाठव, पिवळ्या पट्टीसकट.

मला वाटलं होतं शिव्या देईल. मी उत्तरं तयार ठेवली होती, तिखट. तर तो म्हणतो, "आई, कशा आहात? गुडघ्याला ते मलम लावता ना?" अशा माणसाशी कसं भांडायचं?

मी विचारलं, हात कसा आहे. म्हणाला, शर्टाची बटणं आता डाव्या हातानं लागतात, फक्त गळ्याजवळचं पूर्वी लावते. पेशंटला भूल द्यायचं काम परत नाही मिळणार, नळी घालायला दोन्ही हात लागतात. पोरांना शिकवतो. "बोलायला बोटं लागत नाहीत," म्हणाला आणि स्वतःच हसला. तुला असला नवरा मिळाला, आणि तो माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडला होता.

मागच्या दारानं का आला गं तो? बेल वाजवायची. पण मीच शिकवलं होतं ना त्याला लग्नात. पुढचं दार पोस्टमनला आणि पोलिसांना, घरचा माणूस मागच्या दारानं येतो. इंग्रज जावई असता तर आधी फोन केला असता, मग बेल वाजवली असती. तू गाडी लावत होतीस, तो पिशव्या घेऊन न सांगता मागून आला, घरचा म्हणून. आणि यांनी विचारलं, कोण तू? तो म्हणाला, बाबा, मी. 'मी' म्हणजे कोण, हे यांना कळायला पाहिजे होतं ना.

मग तो म्हणाला, "आई, एक विचारू? पूर्वीला नाही सांगितलं मी. तुम्ही त्या दिवशी दारात आलात ना, मी खालून बघत होतो. तुमच्या हातात मेथी नव्हती. नुसती पर्स होती."

सोळा महिने तो हे घेऊन बसलाय. पोलिसांना नाही सांगितलं, तुला नाही सांगितलं. तुमच्या घरात पण एक आहे बघ, दुसऱ्याचं झाकून ठेवणारा. त्याला लाल खूण करा.

तर ऐक. मेथी नव्हतीच. मी नीनाकडं पत्ते खेळत होते. मेंढीकोट. दर शनिवारी खेळायचो आम्ही चौघी, चकल्या खायच्या, सुनांची नक्कल करायची, मी तुझीही करायचे. जॉर्ज यांना दोन वाजता घरी सोडायचा. मी दोनच्या आत घरी यायचे, बंदूक त्यांच्या हातातून घ्यायचे, खिशातली काडतुसं काढायचे, कपाटात टाकून किल्ली फोटोमागं. त्या दिवशी आम्ही कोट चढवला. समोरच्या दोघी म्हणाल्या, आता पळू नकोस, अजून एक डाव. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. साडेतीनला निघाले. दीड तास ते टेबलाशी बसले होते, बंदूक पुढ्यात घेऊन, आणि त्या घरात त्यांना कुणी ओळखीचं दिसत नव्हतं.

परीक्षितला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "आई, मला कुणाला शिक्षा नकोय. मला फक्त एवढं कळायला हवं की हे कुणाला टाळता आलं असतं का. ते कळलं नाही तर पूर्वी थांबणार नाही. आणि ती थांबली नाही तर मला घरी बायको नाही, रोज मीटिंग असते."

फोन ठेवला. पहिल्यांदा मला तुझ्याबद्दल चेष्टा सुचली नाही.

आई


लेस्टर, ११ जुलै २००८

सही केली. कागद वकीलबाईला वेगळा पाठवलाय, रजिस्टर पोस्टानं. त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त अर्धं आहे. म्हणून सहीच्या खाली माझ्या हातानं मराठीत लिहिलंय, आणि नीनाच्या सुनेकडून त्याचं इंग्लिश करून टाचणीनं लावलंय. कमिटीला एक, डॉक्टरला एक. डॉक्टरला आवडणार नाही. चार दिवसांनी तो तिथं गप्प उभा राहणार होता, आता त्याला गप्प राहता येणार नाही.

त्याला सोडा असं मी म्हणत नाही. तो डॉक्टर होता, त्यानं माझं ऐकायला नको होतं. पण त्यानं कशापायी ऐकलं, ते तुझ्या कुठल्या कॉम्प्युटरवर सापडणार नाही, आणि तो तर मेला तरी सांगणार नाही.

चोवीस ऑक्टोबर २००६. भाऊबीज. डॉक्टर संध्याकाळी पाचला आला, येतो तसा, पेढे घेऊन. तुझे बाबा वर झोपले होते. पाटावर बसला आणि म्हणाला, "ताई, उद्या मी पोलिसांना पत्र टाकतोय. काशीनाथरावांची बंदूक घरातून जायला पाहिजे. आधी तुम्हाला सांगतो, मग त्यांना समजावतो. लिहून तयार आहे." कोटाचा खिसा थोपटला. खिशातच होतं.

मी तबक आणलं. कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं दरवर्षीचं पाकीट तबकात टाकायला काढलं, तर मी त्याचा हात धरला. म्हटलं, "हे राहू दे. यंदा ओवाळणी मी मागणार."

"मागा की," म्हणाला. हसत होता.

"ते पत्र टाकू नकोस."

तीस वर्षांत मी त्याच्याकडं तोंडानं काही मागितलं नव्हतं. त्याला सख्खी बहीण नाही. तबक माझ्या हातात, वात जळतेय, आणि मी हलत नाही. तो म्हणाला, "ताई, हे नका मागू." मी म्हटलं, "मग ओवाळून कशाला घेतलंस?" तेव्हा त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "मार्चपर्यंत. मार्च लागला की मी तुमचंही ऐकणार नाही."

गोळी सुटली तेव्हा मार्च लागायला बारा दिवस राहिले होते.

तू म्हणशील, बाबांच्या मानासाठी केलंस. पाटलाची गोष्ट मी तुला तेवढ्यासाठीच लिहिली होती, तुला तसं वाटावं म्हणून. गोष्ट खरी आहे. पण तबक हातात धरून मी पाटलाचा विचार करत नव्हते, तुझ्या बाबांचाही नाही.

ते दिवसभर माझ्या मागं फिरायचे, पूर्वी. संडासाच्या दारापर्यंत. "लीला, आपण घरी कधी जायचं?" दिवसाला पन्नास वेळा. घरीच आहोत म्हटलं की रडायचे. तुला फोनवर मी विनोद सांगायचे त्यांचे, तू हसायचीस. शनिवारी आठ वाजता जॉर्ज त्यांना घेऊन जायचा, दोनला आणायचा. शेवटी शेवटी जॉर्ज मला म्हणाला होता, काश – यांना तो काशच म्हणायचा – आता नेम धरत नाही, कोण कुठं उभं आहे याचं भान नाही त्याला, तू नको म्हणालीस तर मी नेणार नाही. मी म्हटलं, ने. बंदूक गेली असती तर जॉर्ज कशाला आला असता?

मला ठाऊक होतं की कुणाला तरी लागेल. मला वाटलं, शेतावर लागेल, जॉर्जला लागेल, आपल्यातल्या कुणाला नाही. तरी मी डॉक्टरचं तोंड बंद केलं, कारण मला शनिवारचे ते सहा तास हवे होते.